जालना जिल्ह्यांतील राष्ट्रसभेचे सभासद : पुराव्याची छाननी

मराठवाड्याच्या स्वातंत्र्यलढ्याविषयीं आजवर जें लेखन छापून आलें आहे तें वाचतांना एक प्रश्न अभ्यासकापुढें वारंवार उभा राहतो. राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, जालन्याच्या बाजूस किती सभासद होते? ह्या प्रश्नाचीं उत्तरें दोन प्रकारचीं देण्यांत येतात. एक पक्ष म्हणतो कीं, सभासदांची यादी सांपडत नाहीं, अर्थात् चळवळही नांवालाच होती. दुसरा पक्ष म्हणतो कीं, यादी नाहीं म्हणून काय झालें, गांवोगांवचा मनुष्य मनानें सभासदच होता. पहिला पक्ष कागदाच्या अभावालाच पुरावा मानतो, व दुसरा पक्ष त्याच अभावाचा फायदा घेऊन पुराव्याची गरजच नाकारतो. आमच्या मतें हीं दोन्हीं उत्तरें त्याज्य आहेत. तीं कां त्याज्य आहेत व त्यांच्या जागीं काय ठेवितां येईल, एवढ्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम ‘जालना जिल्हा’ ह्या शब्दांचीच छाननी केली पाहिजे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. तत्पूर्वीं जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यांत आणि परतूर तालुका परभणी जिल्ह्यांत मोडत असे. आजचे आठ तालुके ह्या पांचांतूनच पडलेले आहेत. म्हणजे ज्या काळाची यादी आपण शोधतों त्या काळीं ‘जालना जिल्हा’ ह्या मथळ्याखालीं कोणतीही यादी असणें शक्यच नव्हतें. जो संशोधक केवळ औरंगाबादचीं दप्तरें पाहून परततो त्याच्या हातून परतूर सुटतें. आणि परतूर सुटलें कीं ह्या विषयाचा गाभाच सुटतो, हें पुढें दिसून येईल.

आतां सभासदत्व म्हणजे काय तें पाहूं. इ. स. १८८५ च्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रसभेची पहिली बैठक ७२ प्रतिनिधींची झाली. त्या व पुढील बऱ्याच वर्षांच्या सभेला प्रतिनिधि होते, पण आजच्या अर्थानें सभासद नव्हते. चार आणे वर्गणी भरणारा सामान्य सभासद हा १९२० च्या नागपूर अधिवेशनांत मंजूर झालेल्या घटनेचा परिणाम होय. त्याच घटनेनें प्रांत भाषावार पाडले, आणि पुढच्याच वर्षीं बेजवाड्यास एक कोट सभासद नोंदविण्याचा संकल्प झाला. मराठी भाषेच्या वांट्यास महाराष्ट्र, मुंबई शहर, नागपूर व वऱ्हाड असे चार विभाग आले. ह्या चारही विभागांचें बळ ब्रिटिश अमलाखालील मुलखांत होतें. औरंगाबाद व परभणी हे निजामाचे जिल्हे. तेथील मनुष्य मराठी बोलत असला तरी पावती फाडणारा हात त्याच्या गांवापर्यंत उघडपणें पोहोंचूं शकत नव्हता. पुढें १९३८ च्या फेब्रुवारींत हरिपुरा येथें राष्ट्रसभेनें ठराव केला कीं, संस्थानांतील अंतर्गत लढा तेथील प्रजेनें स्वतःच्या संघटनेमार्फत चालवावा, राष्ट्रसभेच्या नांवानें नव्हे. अखिल भारतीय पातळीवर अशा संघटनांचें छत्र म्हणजे १९२७ सालीं स्थापन झालेली संस्थानी प्रजा परिषद. तेव्हां राष्ट्रसभेच्या वहींत जालन्याचीं नांवें नसणें हा बऱ्याच अंशीं राष्ट्रसभेच्याच धोरणाचा परिणाम आहे. त्यावरून लोकांच्या वृत्तीचें अनुमान काढणें सयुक्तिक नव्हे.

खुद्द हैदराबाद संस्थानांत काय स्थिति होती? गश्ती निशान ५३ ह्या नांवानें कुप्रसिद्ध असलेल्या परिपत्रकान्वयें जाहीर सभेस सरकारची पूर्वपरवानगी लागे. अशा परिस्थितींत १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें तें परतुरास. परिषदेचा उघड हेतु शिक्षण, समाजसुधारणा व मराठी भाषकांचीं गाऱ्हाणीं ह्यांपुरता होता. पुढील वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याचें ठरून सभासद नोंदणीस हात घातला गेला. परंतु विधिपूर्वक स्थापना होण्यापूर्वींच, सप्टेंबर १९३८ मध्यें, सरकारनें त्या संस्थेवर बंदी घातली. त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं बंदी मोडून जी पहिली तुकडी सत्याग्रहास निघाली तिच्या अग्रभागीं तेच गोविंदराव नानल होते. एकच गृहस्थ सोळा-सतरा महिन्यांच्या आंत एका सनदशीर परिषदेचे अध्यक्ष व एका निषिद्ध संस्थेचे सत्याग्रही ठरतात. त्यांचें नांव पहिल्या संस्थेच्या कागदांत शोधावें, दुसऱ्या संस्थेच्या कागदांत, कीं तुरुंगाच्या वहींत? परतूरच्या मांडवांत जमलेल्या सामान्य मनुष्यासंबंधींही हाच प्रश्न विचारला पाहिजे. मात्र परिषदेस हजर राहिलेला प्रत्येक जण स्टेट काँग्रेसचा होता, असें म्हणण्यास ह्यांतून कांहींच आधार मिळत नाहीं. एक पाऊल उचलणारे सर्वच दुसरें पाऊल उचलतात असें नाहीं.

तुरुंगाच्या वह्यांचा उल्लेख केला, पण त्याही निर्धोक नाहींत. १९३८-३९ सालीं स्टेट काँग्रेसच्या जोडीनें आर्य समाज व हिंदुमहासभा ह्यांचेही सत्याग्रह त्याच संस्थानांत चालू होते. स्टेट काँग्रेसनें आपला सत्याग्रह १९३८ च्या डिसेंबरांत तहकूब केला; आर्य समाजाचा पुढील ऑगस्टपर्यंत चालला. एकाच बराकींत तीन संस्थांचे कैदी होते. नुसता शिक्षेचा दाखला हातीं आला म्हणून त्या मनुष्यास राष्ट्रसभेच्या पदरीं घालणें म्हणजे एकाचें दान दुसऱ्याच्या खातीं जमा करणें होय. अटकेची तारीख, कलम व सोबतची तुकडी हीं तीन जुळल्यावांचून असा निर्णय कोणी देऊं नये.

तारखेच्या बाबतींत आमच्या वाचकांस एक इशारा देणें अगत्याचें आहे. मराठी दप्तरांत वावरणाऱ्या संशोधकाची फसली मृगापासून सुरू होते. हैदराबाद सरकारची फसली मात्र आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून, सुरू होऊन आबान महिन्यांत संपे. मृग ते ऑक्टोबर ह्या चार महिन्यांत दोन्हीं गणनांत एका वर्षाचें अंतर पडतें. सप्टेंबर १९३८ ची बंदी हैदराबादच्या गणनेनें १३४७ फसलींत पडते, आणि अवघ्या दीड महिन्यानंतरचा सत्याग्रह १३४८ त; मृगाच्या गणनेनें दोन्हीं १३४८ तच येतात. पेशवाई दप्तराच्या संवयीनें सन लावणारा मनुष्य हैदराबादचा पावसाळ्यांतील कागद सहज एक वर्ष मागें नेईल, आणि बंदीच्या काळांत लिहिलेला कागद बंदीपूर्वींचा ठरवील. तीच गोष्ट नाण्याची. हैदराबादचा हाली सिक्का व ब्रिटिश कलदार रुपया ह्यांचा भाव सात हालीस सहा कलदार असा असे. चार आणे कलदार म्हणजे हालीचे चार आणे आठ पै. वर्गणीच्या टिपणांत अशी विषम रक्कम दिसली तर ती हिशेबाची चूक समजून टाकून देऊं नये. पैसा संस्थानाबाहेरील संस्थेकडे गेला असावा, असा तर्क करण्यास तेथें जागा आहे.

ह्या कसोट्या लावून प्रसिद्ध ग्रंथांकडे पाहिलें असतां काय आढळतें? हैदराबादेंतील स्वातंत्र्यलढ्याचा चार खंडांचा इतिहास १९५६ ते १९६६ ह्या काळांत समितीमार्फत प्रसिद्ध झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी १९६७ सालीं इंग्रजींत निघाल्या. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ १९८७ चा. तिन्हींचें ऋण मोठें आहे व तें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु पहिल्याची दृष्टि राजधानीची, दुसऱ्याची सेनापतीची व तिसऱ्याची सबंध मराठवाड्याची. स्वामीजी व भालेराव हे दोघेही स्वतः लढ्यांत उतरलेले. त्यांची साक्ष म्हणूनच मोलाची, आणि साक्ष म्हणूनच ती तपासून घेण्याची. एखाद्या तालुक्याचा जमाखर्च ह्या ग्रंथांतून मिळावा ही अपेक्षाच अवास्तव आहे. दोष ह्या ग्रंथकारांकडे नसून, त्यांच्या सर्वसाधारण विधानांवरून ‘अमुक गांवीं शेंकडों सभासद होते’ असें बेधडक लिहिणाऱ्या नंतरच्या स्मरणिकाकारांकडे आहे. आंकडा लिहावयाचा तर तो कोणत्या कागदावरून घेतला हें सांगितलें पाहिजे. तें सांगतां येत नसेल तर गांवाचें नांव लिहून थांबावें. त्यानें गांवाचा मान कमी होत नाहीं.

१९७२ पासून सुरू झालेल्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाच्या याद्यांचाही असाच गैरवापर होतो. त्या याद्या कैद, भूमिगतपणा इत्यादि शासनानें ठरविलेल्या अटींवर तयार झाल्या. ज्यानें चार आणे भरले, घरांत माणसें लपविलीं, निरोप पोहोंचविले, पण ज्याला शिक्षा झाली नाहीं, तो त्या यादींत येणें कठीण. स्त्रियांच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. जो लढतां लढतां गेला त्याला अर्ज करणें शक्यच नव्हतें. जालन्याचे हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर यांचें नांव गांवाच्या स्मरणांत राहिलें. प्रत्येकाच्या नशिबीं तेवढें भाग्य नसतें. त्याचप्रमाणें जुलै १९४६ मध्यें बंदी उठल्यावर महाराष्ट्र परिषद स्टेट काँग्रेसमध्यें विलीन झाली, आणि सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थानचा प्रतिकार संपला. ह्या दोन तारखांच्या अलीकडची सभासद-वही व पलीकडची वही ह्यांची किंमत एक नव्हे. बंदींत नांव देणें व विजयानंतर नांव देणें ह्यांत जो फरक आहे तो आंकड्यांत दिसत नाहीं. तो तारखेंत दिसतो.

मग पुरावा आहे कोठें? बराचसा जालन्याबाहेर आहे. नोव्हेंबर १९५६ मध्यें हैदराबाद राज्य विसर्जित होऊन मराठवाडा मुंबई राज्यांत आला. माणसें आलीं, पण राजधानीचें दप्तर हैदराबादेंतच राहिलें. तें उर्दूंत आहे. निषिद्ध संस्थेची वही तिच्या चिटणीसानें जाळली असली तरी तिच्यावर पाळत ठेवणाऱ्या पोलिसाची वही सरकारनें जपलेली असते. प्रतिपक्षाचा अखबार वाचून आपला इतिहास लिहिण्याची विद्या मराठी संशोधकांस नवी नाहीं. राष्ट्रसभेचे व संस्थानी प्रजा परिषदेचे कागद दिल्लीस, पूर्वींच्या नेहरू स्मारक संग्रहालयांत, आहेत. ह्या संस्थेचें नांव २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय असें आहे. जाफराबाद व भोकरदनच्या उत्तरेस व पूर्वेस वऱ्हाडची हद्द लागते. तेथें राष्ट्रसभेची प्रांतिक समिति उघडपणें काम करीत असे. तिच्या कागदांतही हद्दीअलीकडील गांवांचा मागोवा घेतला पाहिजे. गांवच्या माणसांचीं नांवें दूरच्या ठिकाणीं टिकावीं हें ह्या भूमीस अपूर्व नाहीं. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचीं नांवें आज वाचावयास मिळतात तीं सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत. सर्व देशभर पसरलेल्या एका संघाचे ते ह्या प्रदेशांतील जुने वर्गणीदारच म्हणावयाचे.

उरलेला पुरावा जालना जिल्ह्यांतील घरांत आहे, आणि त्याबद्दलच आम्हांस खरी काळजी वाटते. आमचे संग्राहक जांबेच्या परिसरांत समर्थसंप्रदायाचीं बाडें शोधतात. पोथीचें एक सुटें पान मिळालें तरी तें रुमालांत बांधून आणतात. हें योग्यच आहे. परंतु त्याच माळ्यावर पडलेलें पावतीपुस्तकाचें अर्धुक, परिषदेच्या स्वागत समितीचा हिशेब, तुरुंगांतून आलेलें पोस्टकार्ड, वर्गणीची दुकानच्या वहींतील नोंद, हीं त्यांस अर्वाचीन म्हणून क्षुद्र वाटतात व रद्दींत जातात. पोथीच्या बहुधा दुसऱ्या प्रती असतात. ह्या कागदांस दुसरी प्रत नसते. ज्यांनीं तो काळ पाहिला अशीं माणसें आतां बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं आहेत, आणि त्यांच्यामागें अक्षर ओळखणारेंही कोणी राहणार नाहीं.

आमची सूचना इतकीच आहे. जालना जिल्ह्यांतील संग्राहकांनीं १९२० ते १९४८ ह्या काळांतील असा कागद आढळल्यास तो मूळ घरांतून हलविण्यापूर्वीं गांव, घर व सांपडल्याची जागा टिपून ठेवावी. सन फसली असल्यास तो जसाच्या तसा महिन्यासह उतरून घ्यावा. रक्कम हाली कीं कलदार हें लिहावें. आणि नक्कल मंडळाकडे पाठवावी. अशीं पन्नास टिपणें जमलीं तरी ‘किती सभासद होते’ ह्या प्रश्नाचें उत्तर मिळेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण ‘कोण होते’ ह्या प्रश्नाचें उत्तर मिळूं लागेल, आणि इतिहासाच्या दृष्टीनें तोच प्रश्न अगोदरचा आहे.