हातभर उंचीचं प्लास्टर

कोल्हापुरात पुतळा म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. कावळा नाक्यावरची महाराणी ताराराणी बघा. रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला तिचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. एवढं वजन पुढे झेपावलेलं, आणि आधार मागे! आपण 'वा' म्हणतो आणि सिग्नल सुटला की निघतो.

पण असा तोल ठरतो कुठे? चौकात नाही, ओतकामाच्या भट्टीतही नाही. तो ठरतो वीतभर, हातभर उंचीच्या अभ्यासात. तारेचा सांगाडा, त्यावर माती, मातीवरून साचा, साच्यात प्लास्टर. साचा काढताना मूळ माती मोडते. उरतं ते प्लास्टर. बोटाचा दाब, कोरणीचा ओरखडा, सगळं घेऊन.

म्हणून याला 'कच्चं काम' म्हणणं आम्हाला पटत नाही. गणपतराव म्हात्रे यांची 1896च्या सुमाराची 'मंदिरपथगामिनी' प्लास्टरचीच, आणि त्यांची कीर्ती तिनेच केली. अर्थात ती पूर्ण केलेली, जवळपास माणसाएवढी मूर्ती. तिथे सगळं ठरून गेलेलं आहे. छोट्या अभ्यासात मात्र शिल्पकाराची शंका दिसते. खांदा आधी भरला, मग खरवडला. पाय अर्धाच सोडला, कारण प्रश्न कमरेचा होता.

आता आपल्या गावाचं. शाहू महाराजांचं खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी. इथल्या माणसाला कमावलेलं शरीर ओळखायला शिकवावं लागत नाही. ही आपली ताकद, आणि अडचणसुद्धा. चौकाला हवा असतो आवेश: फुगलेली छाती, उगारलेला हात. दमलेली पाठ, एका पायावर टाकलेला भार, म्हाताऱ्याचा गुडघा यांना चबुतरा कोण देणार? त्यांची जागा अभ्यासातच. आणि माणूस म्हणून आपण जास्त वेळ असेच असतो, नाही का?

प्लास्टर ओल धरतं, ठिसूळ असतं. पुतळा उभा राहिला की त्याच्याकडे कुणी बघत नाही. बाबूराव पेंटर (1890–1954) यांच्यापासूनची परंपरा आपण अभिमानाने सांगतो. पण नुसते पुतळे जपले तर उत्तरं उरतील, विचार जाईल. तेव्हा एखाद्या शिल्पकाराच्या कारखान्यात गेलात, तर फळीवरचं धूळ खाणारं प्लास्टर खाली काढायला सांगा. समोरून बघू नका फक्त, पाठीकडूनही बघा.