हुर्यो नेमकी कोणी उडवली?

‘द फायनल क्वार्टर’ या इयन डार्लिंगच्या माहितीपटात कुणीच कॅमेऱ्यासमोर बसून आठवणी सांगत नाही. निवेदक नाही, तज्ज्ञ नाहीत, एकही नवी मुलाखत नाही. अॅडम गुड्सच्या कारकिर्दीची शेवटची तीन वर्षं, २०१३ ते २०१५, टीव्हीवर, रेडिओवर आणि वर्तमानपत्रांत जशी आली, तशीच सव्वा तासात लावून दाखवली आहेत. २०१९चा हा माहितीपट मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा जास्त त्रास झाला.

आधी थोडी ओळख. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर खेळतात, एका संघात अठरा जण, सामन्याचे चार क्वार्टर. गुड्स हा आदिवासी खेळाडू, अड्न्यमथन्हा आणि नरुंगा वंशाचा. त्याच्या आईला पाच वर्षांची असताना सरकारने घरच्यांपासून तोडलं होतं. आदिवासी मुलांच्या अशा हजारो ताटातुटींना तिकडे ‘स्टोलन जनरेशन्स’ म्हणतात. गुड्स १९९९ ते २०१५ सिडनी स्वान्सकडून ३७२ सामने खेळला. २००५ आणि २०१२मध्ये विजेतेपद, आणि मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक दोनदा.

मग २४ मे २०१३. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानासाठी राखलेल्या फेरीचा सामना, मैदान मेलबर्नचं. प्रेक्षकांतून एक १३ वर्षांची मुलगी त्याला ‘एप’ म्हणाली, म्हणजे वानर. त्याने थांबून तिच्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना सांगितलं की दोष तिचा नाही, तिला आधार द्या. पाचच दिवसांनी प्रतिस्पर्धी कॉलिंगवूड क्लबचा अध्यक्ष एडी मॅग्वायर रेडिओवर म्हणाला की ‘किंग काँग’ नाटकाच्या जाहिरातीसाठी गुड्सला घ्यायला हवं. नंतर त्याने माफी मागितली. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की गुड्सने एका लहान मुलीला रडवलं.

२०१४मध्ये तो ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला आणि वंशवादावर जाहीरपणे बोलत राहिला. २०१५मध्ये चेंडू त्याच्याकडे गेला की स्टेडियम हुर्यो उडवायचं. शहर कुठलंही असो.

आमच्या कामात सिस्टिम कोसळली की प्रत्येक टीम सांगते, आमचं सगळं व्यवस्थित चालू होतं. मग वाद घालत बसायचं नसतं. सगळ्यांचे लॉग काढायचे आणि वेळेच्या क्रमाने लावायचे. डार्लिंग नेमकं हेच करतो. हुर्यो उडवणाऱ्यांची बाजू घेणारे स्टुडिओत बसून सांगतात: तो फ्री किक मिळवायला नाटकं करतो, तो देशात फूट पाडतो, त्याने त्या मुलीचा अपमान केला. प्रत्येक कारण सुटं ऐकलं तर कदाचित पटेलही. ओळीने लावली की दिसतं, कारणं बदलत राहतात आणि आवाज तोच राहतो. मे २०१५मध्ये गोल केल्यावर त्याने आदिवासी युद्धनृत्याच्या चार हालचाली केल्या, हवेतला भाला फेकला. त्यावर चर्चा झाली ती भाल्याची. हवेतल्या भाल्याची!

इथवर माहितीपट जबरदस्त आहे. माझी तक्रार वेगळी आहे. जुन्याच फुटेजवर विसंबल्यामुळे पडद्यावर सर्वाधिक बोलतात ते गुड्सवर मतं देणारे. तो स्वतः पुन्हा चर्चेचा विषय होतो. त्याच वर्षी आलेल्या डॅनियल गॉर्डनच्या ‘द ऑस्ट्रेलियन ड्रीम’मध्ये तो स्वतः बोलतो, आईबद्दल, शिकण्याबद्दल. पण तिथे पत्रकार स्टॅन ग्रँटचं लेखन त्याला अख्ख्या देशाच्या इतिहासाचा प्रतिनिधी करून टाकतं. एकात पुरावा, दुसऱ्यात प्रतीक. फुटबॉलपटू दोन्हीकडे निसटतो.

मला हे गंभीर वाटतं, कारण हिरावलं गेलं ते खेळणंच. २०१२ची अंतिम लढत शोधून बघा. गुडघा दुखावलेला, नीट धावता येत नाही, आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये तो गोल करतो. सहा फुटांहून उंच, तरी चेंडू जमिनीवर पडला की छोट्या चणीच्या खेळाडूसारखा वाकून उचलणारा. उंच उड्या मारणाऱ्यांच्या जागीही खेळायचा आणि मधल्या फळीतही. हे दहा मिनिटं सलग दाखवलं असतं, तर पुढच्या हुर्योचा अर्थ अंगावर आला असता.

आपण हे लांबून बघतोय असंही नाही. जानेवारी २०२१मध्ये सिराजने प्रेक्षकांच्या शेरेबाजीची तक्रार केली, खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं, ते मैदान सिडनीचंच. स्वान्सचं घरचं, भाल्याचा गोल झाला तेच. तेव्हा आपले सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप पेटले होते. ऑक्टोबर २००७मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला बघून माकडाचे हावभाव करणारे प्रेक्षक मात्र मुंबईचे होते. त्यांचाही कुणी डार्लिंगसारखा लॉग लावला, तर त्यात कोणकोणती कारणं ऐकू येतील, याचा मला अंदाज आहे. ‘गंमत होती हो’ हे पहिलं.

जुलै २०१५मध्ये पर्थच्या सामन्यानंतर गुड्सने सुट्टी घेतली. एक सामना बाहेर राहिला आणि परतला. सप्टेंबरमध्ये संघ हरल्यावर निवृत्त झाला. अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना मैदानाची फेरी मारून निरोप देतात. तिथे तो गेला नाही. जून २०१९मध्ये, माहितीपट दाखवला जाणार त्याच सुमारास, लीगने आणि अठराही क्लबांनी त्याची माफी मागितली. दोन वर्षांनी त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं ठरलं. त्याने नको म्हणून कळवलं.