‘अवटु’ आणि ‘थायरॉईड वाढला’ : एक संज्ञाविचार

परिभाषेची चर्चा करताना आपण बहुधा व्युत्पत्तीपाशी थांबतो. तो शब्द ज्याच्या कानी पडावयाचा त्याचे पुढे काय होते, हे पाहत नाही. ‘अवटु ग्रंथि’ ही संज्ञा मराठी विश्वकोशाने स्वीकारली आहे. अमरकोशात मात्र ‘अवटु’ हा ‘घाटा’ व ‘कृकाटिका’ यांचा पर्याय, म्हणजे मानेची मागील बाजू. ग्रंथी तर गळ्याच्या पुढे! तथापि हा दोष क्षम्य मानावा, कारण कोशाबाहेर हा शब्द फारसा गेलाच नाही.

खरी हानी बोलीतल्या प्रयोगात आहे. ‘तिला थायरॉईड आहे’ ही लक्षणा ‘बीपी आहे’, ‘शुगर आहे’ यांच्याच कुळातली. परंतु ‘बीपी आहे’ म्हणताच ते वाढलेले आहे, हे ऐकणारा गृहीत धरतो. थायरॉईडचे बिघाड परस्परविरुद्ध दोन. त्यांवरील औषधेही विरुद्ध. प्रयोगात ही दिशाच उरत नाही.

त्याहून घातक ‘थायरॉईड वाढला’. तपासणीत वाढलेले असते ते बहुधा टीएसएच, म्हणजे पीयूषिका ग्रंथीने थायरॉईडला धाडलेली आज्ञा. काम कमी पडते म्हणून आज्ञा वाढते. क्रियापद येथे वस्तुस्थितीच्या नेमके उलट बोलते! ‘वाढला’ म्हणजे औषधाने उतरवायचा आणि ‘उतरला’ म्हणजे गोळी बंद, असा अर्थ गर्भवतीने घेतला तर तो भाषेच्या दृष्टीने सर्वस्वी तर्कशुद्धच ठरतो. प्रत्यक्षात ती गोळी काही उतरवीत नाही, उणीव भरून काढते. आधीपासून लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीची मात्रा गर्भारपणात बहुधा पाव ते निम्म्याने वाढवावी लागते. गर्भाची स्वतःची ग्रंथी पुरेसे काम करू लागेपर्यंत सुमारे अठरा ते वीस आठवडे जातात. तोवर त्याची मुख्य भिस्त मातेवर. उलटपक्षी, पहिल्या तिमाहीत वारेतील एचसीजी हे संप्रेरक थायरॉईडला चेतवते, त्यामुळे टीएसएच किंचित उतरणे स्वाभाविक असते. त्या उताराला रोगाचे नाव देणेही तितकेच चूक.

‘थायरॉईड मंदावला’ हा प्रयोग ‘थायरॉईड वाढला’ याहून लांब नाही, कठीण नाही, आणि खरा आहे. डॉक्टरांनी तोच योजावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्यांत आणि या गोळीत चार तासांचे अंतर ठेवा, एवढेच सांगावयाचे असेल तेथे मात्र ‘थायरॉईडची गोळी’ या मोघम नावाने काही बिघडत नाही.