‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ : एका दुहेरी मेळाचे मूल्यमापन

जो हॅरियट व जॉन मेयर यांच्या दुहेरी पंचकाची पहिली ध्वनिमुद्रिका, ‘इंडो-जॅझ सूट’, १९६६ साली लंडनहून प्रसिद्ध झाली. पाच वादक भारतीय बाजूचे, पाच जॅझचे, अशी तिची मांडणी होती. या मेळाची गणना पुढे ‘मिश्रसंगीता’च्या आद्य प्रयोगांत होऊ लागली आणि त्याबरोबर त्याची परीक्षाही थांबली. पाश्चात्त्य लेखकांनी त्याचे कौतुक केले ते नावीन्यापोटी. आपल्याकडील रसिकांनी त्याची उपेक्षा केली ती शुद्धतेच्या अभिमानापोटी. दोन्ही पक्षांनी रागाच्या व तालाच्या अंगाने हे संगीत तपासून पाहण्याचे श्रम घेतलेले दिसत नाहीत. प्रस्तुत लेखात तेवढेच करावयाचे आहे.

मेयर हे कलकत्त्याचे. त्यांनी मुंबईत मेहली मेहता यांच्याकडे शिक्षण घेतले, १९५२ साली शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकॅडमीत प्रवेश मिळविला आणि पुढे तेथील मोठ्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजविले. हॅरियट जमेकाचे; १९५१ साली इंग्लंडात आले. ‘फ्री फॉर्म’ व ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ या मुद्रिकांत त्यांनी ठरावीक स्वरमेळाची चौकट आधीच मोडली होती. त्यांना एकत्र आणले ते डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने. ‘सूट’चे ध्वनिमुद्रण १९६५च्या शरदात झाले. बीटल्सच्या तबकडीवर सतार ऐकू आली ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात. तेव्हा हा मेळ लोकप्रियतेच्या लाटेवर स्वार झाला, हा आक्षेप टिकत नाही. लाट त्याच्या मागून आली.

मेयर यांची पद्धती थोडक्यात अशी : रचनेचा मोठा भाग लिहून काढावयाचा, रागाचे स्वर जॅझवादकांना नेमून द्यावयाचे आणि त्या स्वरांच्या मर्यादेत त्यांनी उपज करावयाची. १९५९ नंतर माइल्स डेव्हिस प्रभृतींच्या वादनामुळे एका स्वरसप्तकावर दीर्घ काळ रेंगाळण्याची सवय जॅझवादकांना जडली होती. त्यामुळे ही अट त्यांना जाचक वाटण्याचे कारण नव्हते. अडचण वेगळीच आहे. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, हे आपल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. पण यादी हाती आल्यावर रागाचे किती उरते, हे प्रत्येक रागाच्या बाबतीत निराळे असते आणि या मेळाच्या यशापयशाची किल्ली तेथेच आहे.

‘सूट’मध्ये दोन रचना रागनामाने आल्या आहेत : मेघ आणि गौडसारंग. मेघ पाच स्वरांचा. गांधार-धैवत गाळले की जे उरते, ते सरळ चढले-उतरले तरी मेघाचा काही भास ठेवतेच. ऋषभावरचे आंदोलन गेले तर रंग फिका पडतो, पण चेहरा ओळखता येतो. गौडसारंगाचे तसे नाही. त्यात दोन मध्यमांसह सातही स्वर आहेत. ते यादी म्हणून मांडले तर केदार, हमीर, कामोद ही सारी मंडळी दारात येऊन उभी राहतात. गौडसारंग ओळखावयाचा तो ‘ग रे म ग’ या वळणाने. वक्रता हाच त्याचा देह होय. सॅक्सोफोनवादकाला स्वर देऊन वळण न देणे म्हणजे पाहुण्याला गावाचे नाव सांगून वाट न सांगणे! म्हणूनच ज्या मेळाने मेघ पेलला, त्याला गौडसारंग पेलणे मूळच्या पद्धतीतच अवघड होते. दोष वादकांचा नव्हे, निवडीचा. पुढे मेयर यांनी मुलतानी घेतला (‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’, १९६७), आणि दुसऱ्या भागात (१९६८) पिलू. ही शेवटची निवड आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. पिलूत बाराही स्वरांना या ना त्या मिषाने प्रवेश आहे. ठुमरी-दादऱ्याने त्याला मिश्रणाची सवय लावून ठेवली आहे. ब्लूजमधील कोमल-शुद्ध गांधारांची धरसोड त्याला परकी वाटू नये.

तालाच्या बाजूने विचार केला म्हणजे केशव साठे यांचे नाव घ्यावेच लागते. मुंबईत जन्मलेला हा मराठी तबलजी या मेळाचा आरंभापासूनचा आधार होता. इंग्लंडातील मिश्रसंगीताच्या इतिहासात त्याच्याइतका सर्वत्र हजर असलेला भारतीय वादक विरळाच. १९६७ साली जर्मनीत दिवाण मोतिहार यांच्या त्रयीबरोबर ‘जॅझ मीट्स इंडिया’त तो आहे, १९७२ साली ‘मॅजिक कार्पेट’मध्ये आहे, पुढे जॉन रेनबर्न यांच्या लोकगीतांच्या मेळातही आहे. तरीही मराठी संगीतविषयक लेखनात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. (‘सूट’च्या तंबोरावादकाचे नाव वेष्टनावर ‘चंद्रहास पैगणका’ असे छापले आहे. शेवटचा ‘र’ कोठे गळाला, हे कोकणी वाचकास सांगावयास नको.)

आवर्तन ही कल्पना जॅझलाही अपरिचित नाही. ब्लूजचे बारा भाग म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तनच; वादक फिरून फिरून आरंभस्थानी येतो आणि श्रोता त्या आगमनाची वाट पाहतो. दोन परंपरांची खरी भेट व्हावयाची तर ती समेवर, रागात नव्हे. परंतु दहा जणांच्या मेळात तबला आणि ड्रम्स एकाच वेळी वाजतात. झांजेचा अखंड नाद व मोठ्या बासचे ठोके यांच्यामध्ये बायाचा घुमारा व त्याची घसीट बुडून जाते. साठे यांचा ठेका जेथे एकटा, किंवा केवळ सतारीबरोबर, ऐकू येतो तेथेच मेळाला कणा असल्याची जाणीव होते. एरव्ही ही एका पंगतीतील दोन वेगळी पाने आहेत. सतार थांबते, सॅक्सोफोन सुरू होतो. दोघे परस्परांना ऐकतात, पण परस्परांमुळे बदलत नाहीत.

हा निर्णय कठोर वाटेल. पण ज्या किनाऱ्यावर बसून आम्ही तो देत आहोत, तेथे याच प्रश्नाची दोन जुनी उत्तरे रोज कानी पडतात. शिरोडा-आरवली-रेडी पट्ट्यात जत्रेच्या रात्री दशावतारी उभा राहतो तो मृदंग, झांज आणि पेटी यांच्या साथीने. पेटी परदेशी, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली व ती तीस वर्षे टिकली. दशावताराने मात्र तिला पचविले : गळा जे करतो त्याच्या मागून ती जाते. तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यात याच्या उलट घडले. चर्चच्या शाळांतून आलेला पाश्चात्त्य स्वरमेळ मांडोने स्वीकारला आणि शब्द, हुरहूर, ठेवण ही कोकणी राखली. दोन्हीकडे एक बाजू दुसरीत विरघळली आहे. लंडनच्या मेळात कोणीच विरघळावयास तयार नव्हते, किंवा मेयर यांच्या लिखित रचनेने तशी मुभा दिली नाही.

मेळाची लोकप्रियता अल्पकालीन ठरली. ‘आका राग’ ही त्याची रचना बी.बी.सी.च्या ‘आस्क द फॅमिली’ या कार्यक्रमाची शीर्षकधून झाली व इंग्रज घराघरांत पोहोचली. हॅरियट १९७३ च्या आरंभी चव्वेचाळिसाव्या वर्षी वारले. मेयर यांनी पुढे बर्मिंगहॅमला अध्यापन केले, १९९०च्या दशकात मेळ पुन्हा उभा केला. २००४ साली त्यांचा मृत्यू झाला.

हॅरियट यांनी १९६९ साली गोमंतकीय कुळातील, मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा यांच्यासह ‘हम दोनो’ ही मुद्रिका केली. तीत ‘बॅलड फॉर गोवा’ ही रचना आहे. येथे मेळ लहान आहे, सतार नाही, रागाची पाटी नाही. आणि नेमके येथेच हॅरियट यांचा सॅक्सोफोन अधिक मोकळा वाटतो. डिसिल्वांना दोन पंचकांची गरज नव्हती. दोन्ही परंपरा त्यांच्या एकाच हातात होत्या. त्यांची ‘कोकण डान्स’ ही मुद्रिका १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात ध्वनिमुद्रित झाली आणि त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००६ साली, प्रकाशात आली. तीवर तबला केशव साठे यांचाच आहे.