नेमलेला आणि निवडलेला

सांगलीकडच्या सूतगिरणीत रात्रपाळी करून मी बाबासाहेबांची साऊथबरो कमिटीपुढची साक्ष वाचली. डिक्शनरी उशाला घेऊन. साल १९१९, बाबासाहेबांचं वय २७. माझ्याएवढंच.

मत कुणाला, कौन्सिलात कोण बसणार, हा त्या कमिटीपुढचा सवाल. बाबासाहेब म्हणतात, आमचं म्हणणं दुसऱ्यानं मांडून भागत नाही. तिथं आमचा माणूस पाहिजे, तोही आमच्या मतावर आलेला. साक्षीत रडगाणं नाही, हिशेब आहे. आपल्या कवितेनं हे शिकावं.

साहेबानं दिलं काय? शंभरावर सभासदांच्या मुंबई कौन्सिलात अस्पृश्यांचा एक माणूस, तोही सरकारनं नेमलेला.

१९२७ साली खुद्द बाबासाहेब नेमणुकीनंच आत गेले. मग नेमणुकीत वाईट काय, असं कुणी विचारील. त्यानं १९२८ सालचं वतन बिल बघावं. नेमणारं सरकार, आणि तुटपुंज्या मोबदल्यावर महाराला राबवणारंही सरकारच. बिल त्याच्याच तोंडावर टाकलं. त्याच साली सायमन कमिशनपुढं त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९३७ साली उत्तर साताऱ्यातून स्वतंत्र मजूर पक्षाचे खंडेराव सावंत निवडून आले. नेमून नव्हे, मतावर.

मागं एका संमेलनात 'आपला एक दलित कवी असावा' म्हणून मला बोलावलं. विषय त्यांचा, वेळ पाच मिनिटं. मी गेलो. दिलेल्या विषयावर वाचून, टाळ्या घेऊन आलो. त्याची लाज ही साक्ष वाचताना वाटली.

तुम्हालाही उद्या कुठल्यातरी कमिटीवर घेतील. जा. पण बिल खिशात घेऊन जा.