सागरी प्रभुत्व की सागरी वहिवाट? — ज्युलियन कॉर्बेट यांच्या परिभाषेचे परीक्षण

नौयुद्धाचा शास्त्रीय अभ्यास लढाऊ जहाजावर जन्मास आला नाही. तो वर्गात जन्मास आला, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत १८८४ साली ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे नौयुद्ध महाविद्यालय स्थापन झाले. तेथे दिलेल्या व्याख्यानांतूनच आल्फ्रेड थेयर महान यांचा सागरी सत्तेवरील १८९० चा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाला. इंग्लंडमध्ये १९०० साली ग्रीनिच येथे अनुभवी नौदल अधिकाऱ्यांसाठी युद्धाभ्यासक्रम सुरू झाला आणि १९०२ पासून ज्युलियन कॉर्बेट हे त्या अभ्यासक्रमात इतिहासावर व्याख्याने देऊ लागले. महान हे स्वतः नौदलातील अधिकारी होते. कॉर्बेट (१८५४–१९२२) मात्र केंब्रिजला कायदा शिकलेले, काही वर्षे वकिली करून ती सोडलेले आणि पुढे कादंबरीलेखनाकडे वळलेले गृहस्थ होते. नौदलाचा गणवेष त्यांच्या अंगावर कधी चढला नाही. ज्यांनी आयुष्य समुद्रावर घालविले अशांना समुद्रावरील युद्ध शिकविण्याचा अधिकार या माणसास कोणत्या बळावर प्राप्त झाला? प्रस्तुत लेखाचे उत्तर असे की, तो अधिकार त्यांना शब्दांच्या चिकित्सेने मिळवून दिला. त्या चिकित्सेचे बळ किती आणि तिची मर्यादा कोणती, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

कॉर्बेट यांची कीर्ती मुख्यतः १९११ साली प्रकाशित झालेल्या सागरी रणनीतीच्या तत्त्वांवरील ग्रंथावर उभी आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकास त्याहून अधिक उद्बोधक वाटावी अशी त्यांची एक लहानशी पुस्तिका आहे. १९०६ साली त्यांनी आपल्या श्रोत्यांसाठी व्याख्यानांत येणाऱ्या संज्ञांच्या व्याख्या एकत्र केल्या. वेष्टनाच्या रंगावरून ती 'हिरवी पुस्तिका' म्हणून ओळखली जाते. १९०९ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. वर्गात एकच शब्द दहा जण दहा अर्थांनी वापरीत असतील, तर त्यांचा मतभेद विषयासंबंधी आहे की शब्दासंबंधी, हेच कळेनासे होते. हा अनुभव कोणत्याही अध्यापकास नवा नाही. साहित्याच्या वर्गात अशा गोंधळाची किंमत फार तर एखाद्या उत्तरपत्रिकेस मोजावी लागते; युद्धाच्या वर्गात ती माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. म्हणून या पुस्तिकेकडे केवळ पाठ्यसाहित्य म्हणून पाहणे योग्य होणार नाही.

तिच्यातील मध्यवर्ती संज्ञा म्हणजे इंग्रजीत 'कमांड ऑफ द सी' या नावाने रूढ झालेली संकल्पना होय. मराठीत आपण तिला सामान्यतः 'सागरी प्रभुत्व' म्हणतो. कॉर्बेट यांनी या संज्ञेविषयी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, जमीन जशी जिंकून घेता येते तसा समुद्र जिंकता येत नाही. तेथे ठाणे बसवून राहता येत नाही, की सारा वसूल करता येत नाही. समुद्राचा उपयोग जाण्यायेण्यासाठी आहे. म्हणून सागरी प्रभुत्व याचा अर्थ जलमार्गावरील दळणवळणाचे नियंत्रण एवढाच होतो. दुसरी गोष्ट अशी की, हे नियंत्रण स्थलाने सार्वत्रिक वा स्थानिक आणि कालाने स्थायी वा तात्पुरते असू शकते; किंबहुना ते कोणत्याच पक्षाकडे नसणे हीच युद्धातील नेहमीची स्थिती होय. तिसरी गोष्ट भाषाशास्त्राच्या दृष्टीने विशेष मार्मिक आहे. ही संज्ञा केवळ युद्धकाळातच खऱ्या अर्थाने लागू पडते. शांततेच्या काळात कोणी आपले समुद्रावर प्रभुत्व आहे असे म्हणू लागला, तर तो केवळ अलंकारिक प्रयोग समजावा. पुरेसे आरमार व योग्य ठाणी आपल्याजवळ आहेत, एवढाच त्याचा वाच्यार्थ.

शब्दाचा वाच्यार्थ व त्याचा वक्तृत्वपूर्ण उपयोग यांची अशी फारकत करणे हे वरवर दिसते तितके निरुपद्रवी नव्हते. 'सागरी सत्ता' ही महान यांची संज्ञा लोकांचे लक्ष वेधून घ्यावे म्हणून हेतुतः निवडलेली होती, असे पुढे स्वतः महान यांनीच सांगितले आहे. त्यांनी सागरी सत्तेस साहाय्यक अशा भौगोलिक स्थिती, किनाऱ्याची ठेवण, लोकसंख्या, राष्ट्रस्वभाव इत्यादी सहा गोष्टी सांगितल्या. पण त्या संज्ञेची काटेकोर व्याख्या केली नाही. परिणामी ती घोषणा म्हणून जगभर पसरली. कॉर्बेट यांचा प्रवास याच्या नेमका उलट दिशेचा आहे. घोषणा हाती घ्यावयाची आणि तिच्यात अर्थ किती व आवेश किती ते वेगळे करून दाखवावयाचे, ही त्यांची रीत. शत्रूचे आरमार शोधून काढून नष्ट करावे, या आरमारी जगातील लाडक्या सूत्राचीही त्यांनी अशीच झाडाझडती घेतली. सूत्रे विचाराची जागा घेऊ लागली की ती घातक ठरतात, असे त्यांचे मत होते.

आता मराठी शब्दाकडे वळू. 'प्रभुत्व' या शब्दात प्रभू आहे, म्हणजे स्वामी आहे. 'स्वामित्व', 'सत्ता', 'मालकी' हे सारे शब्द त्याच घराण्यातले. कॉर्बेट ज्या अर्थाचा निषेध करू पाहतात, तोच अर्थ आपला पारिभाषिक शब्द मागल्या दाराने आत आणतो. याउलट आपल्या जमिनीच्या व्यवहारात 'मालकी' आणि 'वहिवाट' असा एक स्वच्छ भेद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. शेत एकाचे असते, पण त्याच्या बांधावरून विहिरीकडे जाण्याची वहिवाट दुसऱ्याची असते; तंटा जमिनीच्या मालकीचा नसून जाण्यायेण्याच्या हक्काचा असतो. कायदा शिकलेल्या कॉर्बेट यांच्या मनात हाच भेद घोळत असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. 'सागरी वहिवाट' हा शब्द त्यांच्या कल्पनेस 'प्रभुत्वा'पेक्षा कितीतरी जवळचा आहे. अर्थात तोही सर्वथा निर्दोष नाही. वहिवाट दीर्घकाल व निर्वेध चालत आलेली असावी लागते, तर सागरी नियंत्रण चार दिवसांपुरतेही असू शकते. तेव्हा हा शब्द संज्ञा म्हणून न स्वीकारता अर्थ समजून घेण्याची किल्ली म्हणून स्वीकारावा, हे अधिक युक्त.

हा भेद केवळ कल्पनेतला नाही; कोकण किनाऱ्याच्या इतिहासात तो प्रत्यक्ष दिसतो. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात येणाऱ्याजाणाऱ्या व्यापारी जहाजांवर आपले परवाने घेण्याची सक्ती केली. पुढे कान्होजी आंग्रे यांनी स्वतःची दस्तके देण्यास आरंभ केला. दस्तक कोणाचे चालावयाचे हा तंटा वरवर महसुलाचा दिसला, तरी तत्त्वतः तो समुद्रावरील वहिवाटीचा तंटा होता. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'तील आरमारप्रकरणात तर दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदताना दिसतात. जेथे ग्रंथकार तत्त्व सांगतो तेथे आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग ठरते आणि समुद्र ज्याच्याजवळ आरमार असेल त्याच्या नावावर लागतो. ही मालकीची भाषा होय. परंतु जेथे तो प्रत्यक्ष वर्तनाचे नियम सांगतो, तेथे कौल घेतलेल्या सावकारांच्या जहाजांस उपद्रव होऊ नये यावर त्याचा कटाक्ष आहे. ही वहिवाटीची भाषा होय. कॉर्बेट यांच्या दोनशे वर्षे आधी हा भेद आपल्या राजनीतिग्रंथात व्यवहाररूपाने उपस्थित होता. त्यास संज्ञारूप तेवढे मिळाले नव्हते.

येथवर कॉर्बेट यांच्या बाजूने जे सांगावयाचे ते सांगितले. आता त्यांच्या न्यूनाकडे वळले पाहिजे. १९११ च्या ग्रंथात त्यांनी व्यापारी जहाजांच्या काफिल्यांविषयी शंका व्यक्त केली. खासगी लुटारू जहाजांची प्रथा १८५६ च्या पॅरिस घोषणेने बंद झाली होती; वाफेच्या जहाजांमुळे व बिनतारी संदेशांमुळे परिस्थिती पालटली होती; म्हणून काफिल्याचा जुना उपाय आता पूर्वीइतका हितावह राहिला नाही, असा त्यांचा एकूण रोख होता. पहिल्या महायुद्धाने या अनुमानास धक्का दिला. १९१७ च्या फेब्रुवारीत जर्मनीने अनिर्बंध पाणबुडीयुद्ध पुकारले आणि एकट्या एप्रिल महिन्यात जगातील व्यापारी जहाजांपैकी आठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. पुढे काफिल्यांची पद्धत सुरू झाली आणि तिनेच इंग्लंडला तारले.

या प्रमादाचे मूळ कोठे आहे? माझ्या मते ते व्याख्येत नसून, व्याख्येस आधारभूत अशा सामग्रीत आहे. कॉर्बेट यांचे शब्दार्थ शिडांच्या जहाजांच्या काळातील कागदपत्रांतून निश्चित झाले होते. त्या कागदांत मार्ग अडविणारा शत्रू नेहमी पाण्याच्या पृष्ठभागावर वावरतो. ज्यास स्वतःला मार्ग वापरावयाचा नाही, पण दुसऱ्याचा बंद करावयाचा आहे, असा पृष्ठभागाखालचा शत्रू त्यांत नव्हता. तरीही गंमत अशी की, काफिल्यांच्या यशाने कॉर्बेट यांची व्याख्याच खरी ठरली. शत्रूस समुद्रभर शोधीत फिरण्यापेक्षा जाण्यायेण्याच्या क्रियेचेच रक्षण करणे अधिक फलदायी झाले. व्याख्या टिकली, व्याख्याकाराचे अनुमान मात्र ढळले. चांगल्या परिभाषेचे हेच लक्षण मानावे की, ती आपल्या कर्त्याच्या चुकाही दाखवून देऊ शकते.

कॉर्बेट यांच्या वाट्यास आलेला शेवट या दृष्टीने बोलका आहे. महायुद्धाच्या अधिकृत आरमारी इतिहासाचा तिसरा खंड, ज्यात १९१६ च्या जटलंडच्या लढाईचे वर्णन आहे, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९२३ साली बाहेर पडला. त्याच्या आरंभी इंग्लंडच्या नौदल खात्याने आपली असहमती छापली. लढाई गाठून ती निर्णायक अंतास नेण्याचे महत्त्व या ग्रंथात कमी लेखिले जाते आणि ते आपल्या मतांच्या विरुद्ध आहे, असा तिचा आशय होता. ज्यांना वीस वर्षे शब्द जपून वापरण्यास शिकविले, त्यांच्याच खात्याने अखेर सूत्राचा पक्ष घेतला. सैनिकी महाविद्यालयातील संशोधकाचे स्थान असे नाजूक असते. त्याच्या विद्येची गरज संस्थेस असते. त्या विद्येचे निष्कर्ष संस्थेस रुचतीलच असे नाही.

आपल्याकडेही १९८८ साली करंजा येथे नौयुद्धाच्या उच्च शिक्षणाची संस्था उभी राहिली व पुढे ती गोव्यात गेली. ज्या किनाऱ्यावर दस्तकांचे तंटे झाले, त्याच किनाऱ्यावर आता या विषयाचे अध्यापन चालते. मराठीत या शास्त्राची परिभाषा घडवावयाची झाल्यास इंग्रजी संज्ञेपुढे संस्कृत संज्ञा लिहून भागणार नाही. 'आरमार' हा शब्द पोर्तुगीजांकडून, 'दस्तक' फारसीतून, तर 'वहिवाट' गावाच्या बांधावरून आली आहे. या शब्दांत अनुभव साठलेला आहे. तो तपासून, अर्थाच्या सीमा आखून मगच संज्ञा निश्चित करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम होय. ते रणनीतिज्ञाच्या कामाहून दुय्यम नाही, हे कॉर्बेट यांच्या हिरव्या पुस्तिकेने दाखवून दिले आहे.