डेमो म्हणजे निष्कर्ष नव्हे : मॅजिक लीप, जिओ ग्लास आणि आपला सिनॉप्सिस

पीएच.डी.च्या सिनॉप्सिससाठी ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणजेच एआर हा मोहात पाडणारा विषय आहे. शेती घ्या, शिक्षण घ्या, आरोग्य घ्या. पुढे ‘एआरचा उपयोग’ जोडला की शीर्षक तयार! मग प्रस्तावनेत एखाद्या कंपनीच्या व्हिडिओचा हवाला येतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. व्हिडिओ हा पुरावा असतो का? या क्षेत्रातल्या ज्या कंपन्यांवर पैशांचा पाऊस पडला आणि ज्या नंतर अडखळल्या, त्यांच्याकडे बघितलं की उत्तर मिळतं. माझं म्हणणं थोडक्यात असं : त्यांच्याकडे विज्ञान नव्हतं असं नाही. ते विज्ञान कोणत्या अटीत चालतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

आधी व्याख्या

रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये एआरचा जो आढावा लिहिला, त्यातली व्याख्या आजही वापरली जाते. तीन गोष्टी हव्यात : खरं आणि आभासी एकत्र दिसणं, ते त्याच क्षणी प्रतिसाद देणं आणि आभासी वस्तू खऱ्या जगात त्रिमितीत आपल्या जागी घट्ट बसणं. यातली तिसरी अट सगळ्यात अवघड.

का, ते एका साध्या हिशोबाने बघू. समजा, तुम्ही मान सेकंदाला १०० अंश वेगाने वळवली आणि चष्म्याला नवं चित्र दाखवायला २० मिलिसेकंद लागले. तेवढ्यात मान २ अंश पुढे गेलेली असते. म्हणजे दोन मीटरवरच्या वस्तूवर लावलेली खूण सुमारे ७ सेंटिमीटर सरकलेली दिसणार. व्हिडिओत ही अडचण कधीच दिसत नाही, कारण तिथे चित्र नंतर सावकाश बसवता येतं.

मॅजिक लीप : आधी पैसा, मग वस्तू

रोनी अबोविट्झ यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात मॅजिक लीप सुरू केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलच्या पुढाकाराने कंपनीला ५४.२ कोटी डॉलर मिळाले. २०१६ च्या सुरुवातीला अलिबाबाच्या पुढाकाराने जवळपास ८० कोटी डॉलरची भर पडली. पहिला चष्मा ऑगस्ट २०१८ मध्ये २,२९५ डॉलरला विक्रीला आला. तोवर जमलेली रक्कम दोन अब्ज डॉलरच्या वर गेली होती, म्हणजे तेव्हाच्या दराने १३ हजार कोटी रुपयांहून जास्त.

या काळात लोकांनी काय बघितलं? शाळेच्या जिममध्ये जमिनीतून उसळणारा देवमासा बघितला. २०१५ मध्ये ऑफिसात बसून रोबोंशी लढणाऱ्या माणसाचा व्हिडिओ बघितला. तो व्हिडिओ वेटा वर्कशॉपच्या स्पेशल इफेक्ट्समधून तयार झाला होता, हे ‘द इन्फर्मेशन’ने डिसेंबर २०१६ मध्ये उघड केलं.

पण नुसतं ‘फसवलं’ म्हणून मोकळं होऊ नका. मुळात संशोधनाचा प्रश्न खरा होता. आपण जवळची वस्तू बघतो तेव्हा दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातलं भिंगही त्याच अंतराला जुळतं. साध्या त्रिमित पडद्यावर डोळे वळतात एका अंतराकडे आणि भिंग मात्र पडद्याच्या ठरलेल्या अंतरावर अडकून राहतं. या विसंगतीने डोळे थकतात आणि बघण्याची क्षमताही घटते, हे हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रयोगाने दाखवलं.

यावर मॅजिक लीपचं उत्तर होतं थरथरता ऑप्टिकल फायबर : त्याचं टोक गोल गोल फिरवून प्रकाशाने चित्र रंगवायचं. ही कल्पना वॉशिंग्टन विद्यापीठातून आली. तिथे याच तत्त्वावर शरीराच्या आत बघायची बारीक एंडोस्कोप तयार झाली होती. एंडोस्कोपला काही शे रेषांचं चित्र पुरतं. चष्म्याचं गणित मात्र वेगळं आहे. डोळा एका अंशात साधारण ६० बारकावे वेगळे ओळखतो. ५० अंशांचं दृश्य तितकंच स्पष्ट हवं असेल, तर आडवे ३,००० बिंदू लागतात. एका फायबरचं हे काम नाही आणि अनेक फायबर जोडले की आकार, उष्णता, जुळणी असे प्रश्न उभे राहतात.

पाहुण्यांना जो थक्क करणारा अनुभव दिला जायचा, तो फ्रिजएवढ्या यंत्रातून. बाजारात आलेल्या चष्म्यात फायबर नव्हताच. नेहमीचा सूक्ष्म पडदा, प्रकाश वळवणाऱ्या काचा आणि फोकसची फक्त दोन ठरलेली अंतरं, एवढंच होतं. दृष्टिक्षेत्र होतं कर्णात सुमारे ५० अंश. वस्तू म्हणून ती वाईट नव्हती. दाखवलेल्या देवमाशापुढे मात्र फारच छोटी होती. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ६,००० चष्मे विकले गेल्याची बातमी आली. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने जवळपास निम्मी माणसं कमी केली आणि पुढे अबोविट्झही प्रमुखपदावरून पायउतार झाले.

ही एकट्या मॅजिक लीपची गोष्ट नाही. डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०१९ या काळात ब्लिपार दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर ओडीजी, डाक्री आणि मेटा (ही फेसबुकवाली नव्हे, तिच्या आधीची दुसरी) यांनी गाशा गुंडाळला.

मुंबईचा अंक

आपल्याकडचं जवळचं उदाहरण स्टार्टअपचंच, पण मोठ्या घराने विकत घेतलेल्या. मुंबईच्या टेसरॅक्टमध्ये रिलायन्सने २०१९ मध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला आणि जुलै २०२० च्या वार्षिक सभेत जिओ ग्लास दाखवला : वजन ७५ ग्रॅम, केबलने फोनला जोडायचा, सोबत २५ ॲप्स. शिक्षक आणि विद्यार्थी त्रिमित वर्गात एकत्र येतील, असं सांगितलं गेलं. लॉकडाऊनचे दिवस होते, शाळा बंद होत्या. त्यामुळे हे वाक्य कानाला फारच गोड लागलं.

७५ ग्रॅम हे अभियांत्रिकी म्हणून कौतुकास्पदच आहे. मॅजिक लीपचा पहिला चष्मा ३०० ग्रॅमच्या वर होता. पण वजन कमी झालं ते गणनेचा आणि बॅटरीचा भार फोनवर टाकून. संशोधकाने इथे विचारायचं : दृष्टिक्षेत्र किती? वस्तू आपल्या जागी किती घट्ट बसते? तासाभराच्या वर्गानंतर मुलाच्या डोळ्यांचं काय होतं? चष्मा नसलेल्या वर्गापेक्षा शिकणं किती वाढलं? शेवटचा प्रश्न सोडून ‘एआरमुळे शिक्षण सुधारतं’ असं लिहिणं म्हणजे निष्कर्ष आधी आणि प्रयोग नंतर. २०२३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडला तो १,२९९ रुपयांचा जिओडाइव्ह. आत आपलाच फोन बसवून क्रिकेट बघायचा हा व्हीआर संच. अझुमांच्या व्याख्येत तो बसतच नाही.

खोडदचा आरसा

हे सगळं वाचून ‘मोठी स्वप्नं बघूच नयेत का?’ असं कुणी विचारेल. आमच्या पिंपळवंडीकरांना उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांचं हे स्वप्न लहान नव्हतंच. पण त्या तबकड्या भरीव धातूच्या नाहीत. दोऱ्यांनी ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. कारण साधं आहे. जिथपर्यंत बघायचं, तिथे लहरीची लांबी साधारण २१ सेंटिमीटर. तिला एक-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवत नाहीत. म्हणून तबकडी हलकी झाली, स्वस्त झाली. आणि मिलिमीटर लहरींसाठी ही दुर्बीण नाही, ही मर्यादाही त्याच आराखड्यात आहे. अट लपवली नाही, उलट तिच्यावरच बांधकाम उभं केलं.

स्टार्टअपवाले म्हणतील की गुप्तता ही आमची गरज आहे. पेटंट असतात, स्पर्धा असते. मान्य. पण मग ते साहित्य तुमच्या संदर्भसूचीत बसत नाही, इतकं तरी आपण मान्य करू.

आता तुमचा सिनॉप्सिस

समजा, विषय आहे : टोमॅटोच्या पानावरचा रोग चष्म्यातून दाखवणं. आपल्या भागाला शोभणारा विषय आहे. पण भर उन्हात पानावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. त्यातला दहा टक्के परत फिरला, तर पानाची चमक साधारण ३,००० निट होते. चष्मा ३०० निटची खूण दाखवत असेल, तर ती पानापेक्षा फक्त दहा टक्के उठून दिसेल. शिवाय अशा पारदर्शक चष्म्याला प्रकाश मिसळता येतो, काढून घेता येत नाही. म्हणून काळी खूण दाखवणं जमत नाही. मॅजिक लीपच्या २०२२ च्या दुसऱ्या चष्म्यात मागचं दृश्य जागेवर मंद करायची सोय दिली गेली, ती याच अडचणीपायी.

म्हणजे विषय सोडायचा? नाही, नेमका करायचा. ‘भर उन्हात पानावरची खूण ओळखू येण्यासाठी किती उठाव लागतो आणि ती खूण साध्या मोबाइलच्या पडद्यापेक्षा कधी बरी ठरते?’ हा मोजता येणारा प्रश्न झाला. उत्तर ‘कधीच नाही’ आलं, तरी तो निष्कर्षच आहे.

कुठलाही दावा वाचताना चार गोष्टी वहीत लिहा : तो कोणत्या परिस्थितीत तपासला, कशाशी तुलना केली, आकार किंवा संख्या दहापट केली तर काय मोडतं आणि तो कुठे चालत नाही. चौथा रकाना रिकामा राहिला, तर तुमच्यासमोर जाहिरात आहे असं समजा. आणि मार्गदर्शकांकडे जाण्याआधी हाच तक्ता स्वतःच्या सिनॉप्सिससाठी भरा. समितीसमोर पहिला प्रश्न बहुतेक चौथ्या रकान्यातलाच येतो.